सिलिकॉन ब्रेक ऑइल ‘कायमचं’ नसतं

एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये डॉट ५ दर्जाचं सिलिकॉन ब्रेक ऑइल घातलं की ते पुन्हा बदलायला नको, असं म्हापशापासून मडगावपर्यंत सांगितलं जातं. चूक आहे. सिलिकॉन पाणी शोषत नाही, एवढंच खरं. पण आपल्या दमट हवेतून आत शिरलेलं पाणी त्यात मिसळत नाही. सिलिकॉनपेक्षा जड असल्याने ते तळाला, चाकाजवळ ब्रेक दाबणाऱ्या भागांत, म्हणजे कॅलिपरमध्ये किंवा व्हील सिलिंडरमध्ये साचतं. तिथेच गंजाचे बारीक खड्डे पडतात, सील फाटतात. चोर्ला घाट उतरताना ब्रेक तापले की हे पाणी १०० अंशांच्या आसपास उकळतं, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ खाली जातं! डॉट ४ हे ग्लायकॉलचं नेहमीचं ब्रेक ऑइल मात्र ३.७ टक्के पाणी शोषूनही किमान १५५ अंशांपर्यंत उकळत नाही. तेच घाला, दर दोन वर्षांनी बदला. नावात ५ असलं तरी डॉट ५.१ म्हणजे सिलिकॉन नव्हे, तेही ग्लायकॉलचंच. ते डॉट ५ मध्ये कधीच मिसळू नका.