अमेरिकेत फेडरल न्यायाधीश कसे होतात? पात्रता, कागदपत्रं आणि सिनेटची वाट

पात्रतेचं आधी उरकून घेऊ, कारण ते एका ओळीत संपतं. अमेरिकेच्या राज्यघटनेत फेडरल, म्हणजे राज्याच्या नव्हे तर केंद्राच्या न्यायालयातल्या, न्यायाधीशासाठी पात्रता लिहिलेलीच नाही. वयाची अट नाही, अनुभवाची नाही, कायद्याच्या पदवीचीही नाही. आपल्याकडे उच्च न्यायालयासाठी १० वर्षांची वकिली किंवा तितकीच न्यायिक सेवा कलम २१७ मध्ये स्पष्ट सांगितली आहे. तिकडे एवढंच, की राष्ट्राध्यक्षांनी नाव पाठवायचं आणि सिनेटनं, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहानं, संमती द्यायची. जिल्हा न्यायाधीशानं आपल्या जिल्ह्यातच राहिलं पाहिजे हा कायदा मात्र आहे, त्यालाही थोडे अपवाद आहेत.

मग अर्ज कुठे करायचा? आधी जागा रिकामी व्हावी लागते. जिल्हा न्यायालयं ९४, त्यांच्यावर अपील न्यायालयं १३, आणि नेमणूक तहहयात. त्यामुळे कुणी निवृत्त झाल्याशिवाय, वारल्याशिवाय किंवा कामाचा भार कमी करून ‘सिनियर स्टेटस’ घेतल्याशिवाय खुर्ची सहसा मोकळी होत नाही. जिल्हा न्यायालयाच्या जागेसाठी नावं बहुतेक वेळा त्या राज्याच्या सिनेटरांच्या कार्यालयातून पुढे सरकतात. काही राज्यांत सिनेटर वकिलांची निवड समिती नेमतात. ती जाहीरपणे अर्ज मागवते, मुलाखती घेते आणि चार-दोन नावं वर पाठवते. जिथे समिती नाही तिथे ओळखपाळख चालते, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढची छाननी व्हाइट हाउसच्या कायदा सल्लागारांचं कार्यालय आणि न्याय विभाग करतात.

कागदपत्रांचा डोंगर इथून सुरू होतो. एसएफ-८६ हा पार्श्वभूमी तपासणीचा फॉर्म भरून द्यावा लागतो आणि त्यावरून एफबीआय चौकशी करते. राहिलेले पत्ते, नोकऱ्या, परदेश प्रवास, जवळचे नातेवाईक आणि त्यांचं नागरिकत्व, सगळं त्यात येतं. परदेशातली मालमत्ताही येते. म्हणजे उमेदवार मराठी घरातला असेल आणि पुण्यातला फ्लॅट किंवा गावची शेती त्याच्या नावावर असेल, तर ‘ते बाबांनी केलेलं, मला माहीत नाही’ हे उत्तर चालत नाही. सातबारा आधीच काढून ठेवलेला बरा. त्याशिवाय उत्पन्नाचं विवरण आणि मालमत्ता-कर्जाचा ताळेबंद द्यावा लागतो.

पण खरा घाम काढते ती सिनेटच्या न्यायविषयक समितीची प्रश्नावली. कॉलेजनंतरची प्रत्येक नोकरी, प्रत्येक संस्थेचं सदस्यत्व, छापून आलेला प्रत्येक लेख, केलेलं प्रत्येक भाषण. भाषणाची प्रत नसेल तर कुठे, कधी आणि कशावर बोललात ते लिहायचं. किती खटले निकालापर्यंत चालवले आणि त्यात तुम्ही एकटे होतात की मुख्य वकिलाच्या हाताखाली, हेही विचारतात. शिवाय आजवरचे सगळ्यात महत्त्वाचे १० खटले मांडायचे, न्यायाधीशांच्या नावासकट आणि विरुद्ध बाजूच्या वकिलांच्या संपर्कासकट. तुमच्याबद्दल ज्याच्याशी भांडलात त्यालाच विचारायचं, ही कल्पना मला मनापासून आवडते. तिथे पंधरा वर्षांपूर्वीच्या केसची जुनी डायरी सापडली नाही की पंचाईत. शेवटी नोटरीसमोर शपथ घेऊन सही. यातला सार्वजनिक भाग कुणालाही वाचता येतो.

अमेरिकन बार असोसिएशन ही वकिलांची संघटना १९५३ पासून उमेदवारांना शेरा देते: उत्तम पात्र, पात्र किंवा अपात्र. साधारण १२ वर्षांचा वकिलीचा अनुभव असावा, अशी तिची अपेक्षा असते. पण शेरा बंधनकारक नाही. २०२० मध्ये फ्लोरिडातल्या कॅथरिन मिझेल यांना ‘अपात्र’ शेरा मिळाला होता. वय ३३, तरी सिनेटनं त्यांना मंजूर केलं.

‘ब्लू स्लिप’ म्हणजे उमेदवाराच्या राज्यातल्या दोन्ही सिनेटरांकडे त्यांचं मत विचारायला जाणारा निळा कागद. जिल्हा न्यायालयाच्या नावावर तो परत आला नाही तर प्रकरण सहसा तिथेच अडतं. अपील न्यायालयांसाठी मात्र २०१८ पासून त्याला ते वजन राहिलेलं नाही.

मग सुनावणी. डिसेंबर २०१७ मध्ये मॅथ्यू पीटरसन निवडणूक आयोगाचे सदस्य होते आणि वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयासाठी त्यांचं नाव आलं होतं. राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे सिनेटर जॉन केनेडी यांनी विचारलं, ज्युरीसमोर खटला कधी चालवलाय? नाही. न्यायाधीशासमोर? नाही. पुढे पुराव्याच्या कायद्यातल्या साध्या गोष्टींवरही ते अडखळले आणि काही दिवसांतच त्यांनी नाव मागे घेतलं. घटनेत अट नसली तरी अशी लागू होते.

सुनावणीनंतर लेखी प्रश्न येतात, मग समितीचं मत आणि मग पूर्ण सिनेटचं. २०१३ पासून या न्यायालयांसाठी साधं बहुमत पुरतं. सिनेट ३० दिवसांहून जास्त सुटीवर गेली, तर नाव परत जाऊ शकतं आणि पुन्हा पाठवावं लागतं. मंजुरी मिळाल्यावर राष्ट्राध्यक्ष नेमणूकपत्रावर सही करतात. जिल्हा न्यायाधीशाचा २०२५ चा पगार वर्षाला २,४७,४०० डॉलर होता. मोठ्या फर्ममधला भागीदार याहून कितीतरी जास्त कमावतो.

ज्यांना राजकारणाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही त्यांच्यासाठी मॅजिस्ट्रेट जज हे जिल्हा न्यायालयातलंच दुय्यम न्यायाधीशाचं पद आहे. नेमणूक जिल्हा न्यायाधीश करतात आणि पूर्णवेळ पदाची मुदत ८ वर्षं असते. तिथे बारचं, म्हणजे सनदी वकील म्हणून, किमान ५ वर्षांचं सदस्यत्व ही लेखी अट आहे, जागेची जाहिरात न्यायालयाच्या संकेतस्थळावर येते आणि फॉर्म स्वतःच भरायचा असतो.