झुरळापेक्षा पातेलं वाईट

हॉटेलच्या स्वयंपाकघरात झुरळ दिसलं की आपली भूक मरते. तपासणीला आलेल्या निरीक्षकालाही ते खपत नाहीच, पण त्याची नजर आधी भलतीकडे जाते. ओट्याच्या कोपऱ्यात झाकण ठेवून एक मोठं पातेलं निवत ठेवलेलं असतं. बाहेरून लख्ख घासलेलं, आत सकाळी खळखळून उकळलेलं दाट सूप. वास छान, चव छान. निरीक्षक थर्मामीटरची सळई कडेला बुडवतो: ३१ अंश. मग ती मधोमध, खोलवर नेतो: ४३. आणि वहीत गंभीर दोष लिहिला जातो.

स्वयंपाकी अशा वेळी चक्रावतो. उकळलंय ना? उकळल्यावर जंतू उरतील कसे?

उरतात, कारण काही जंतू वाईट काळासाठी तयारीत असतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा त्यातला अगदी तालेवार. परिस्थिती बिघडली की तो स्वतःभोवती कवच बांधून बीजाणू होतो, आणि हा बीजाणू उकळत्या पाण्यातूनही जिवंत निघू शकतो. उलट त्या उष्णतेने त्याला जागच येते. उकळताना सूपमधला प्राणवायू निघून गेलेला असतो. या जंतूला प्राणवायू नकोच असतो. बाकीचे स्पर्धक मेलेले. म्हणजे मैदान मोकळं, जेवण तयार. आता फक्त सूप थोडं कोमट व्हायची वाट पाहायची.

४३ ते ४५ अंशांच्या आसपास हा जंतू दहाएक मिनिटांत दुप्पट होतो. साधी आकडेमोड करून पाहा. दर दहा मिनिटांनी दुप्पट, म्हणजे दोन तासांत बारा वेळा दुप्पट. शंभर जंतूंचे चार लाखांवर होतात. असं अन्न पोटात गेलं की बहुधा सहा ते चोवीस तासांत पोटात कळा आणि जुलाब. तोवर दुसरी दोन जेवणं झालेली असतात आणि माणूस दोष देतो शेवटच्या जेवणाला.

म्हणूनच नियमांमध्ये साधारण ५ ते ६० अंश हा पट्टा धोक्याचा मानतात. गरम अन्न त्याच्या वर ठेवा, गार अन्न खाली, आणि मधला प्रवास झटपट उरका. अमेरिकेच्या आदर्श अन्नसंहितेत तर या प्रवासाचं वेळापत्रकच आहे: ५७ वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत, आणि ५ अंशांपर्यंत एकूण सहा तासांत. पहिल्या टप्प्याला कमी वेळ का? कारण जंतूंचा सगळ्यात आवडता भाग त्याच टप्प्यात येतो.

मग पातेलं सरळ फ्रिजमध्ये ढकललं तर? इथे जीवशास्त्र संपतं आणि भौतिकशास्त्र आडवं येतं. पातळ पाण्यात उष्णता प्रवाहांनी फिरते. दाट सूपमध्ये ती कणाकडून कणाकडे सरकत बाहेर येते. अशा वेळी निवायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थर दुप्पट जाड, तर वेळ चौपट. वीस सेंटिमीटर खोल सूप पाच सेंटिमीटरच्या पसरट ट्रेमध्ये ओतलं, तर हिशेबाने काम सोळापट लवकर व्हायला हवं. प्रत्यक्षात इतका फरक पडत नाही, पण ट्रे जिंकतो हे नक्की. शिवाय गरम पातेलं शेजारच्या दुधाला आणि मांसालाही ऊब देतं, ते वेगळंच. फ्रिज हे गार ठेवायचं यंत्र आहे. मोठं पातेलं गार करण्याची ताकद त्यात नसते.

‘वाढताना पुन्हा उकळू की’ हा पुढचा बचाव. परफ्रिंजेन्सपुरता तो बऱ्याच अंशी खरा आहे, कारण वाढलेले जंतू नीट तापवलं की मरतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं तसं नाही. सुमारे तीस टक्के माणसांच्या नाकात तो सुखाने नांदतो, हातावरून अन्नात उतरतो आणि तिथे विष सोडतो. उकळल्यावर जंतू मरतो, विष मात्र टिकतं. स्वयंपाक्याने नाक पुसून हात धुतले की नाही, हे निरीक्षक डोळ्यांत तेल घालून पाहतो ते उगाच नव्हे. हातांवरूनच पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूपुढे तर अल्कोहोलचं सॅनिटायझरही फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी हवं.

फरशीची फुटकी टाइल, भिंतीवरचा डाग, टोपी न घातलेला वेटर हेही अहवालात येतं. यायलाच हवं. पण माझ्या मते वाचणाऱ्याने तिथे अडखळू नये. तापमान आणि हात या दोन ओळी आधी शोधाव्यात.

तपासणीची खरी अडचण अशी, की निरीक्षक येतो तास-दोन तास आणि स्वयंपाकघर चालतं वर्षभर. यावरचा तोडगा अंतराळवीरांच्या जेवणातून आला. १९६०च्या दशकात पिल्सबरी कंपनी, नासा आणि अमेरिकी लष्कराच्या नॅटिक इथल्या प्रयोगशाळा अंतराळातलं अन्न तयार करत होत्या. तयार माल तपासून खात्री करायची तर बहुतेक माल तपासणीतच संपायचा. तेव्हा त्यांनी उलटा विचार केला: जिथे चूक होऊ शकते त्या मोजक्या जागा हेरायच्या आणि तिथेच दरवेळी मोजमाप करायचं. आज ही पद्धत ‘हॅसप’ या नावाने जगभर वापरतात, आणि फ्रिजच्या दारावर लटकलेली तापमानाची वही हे तिचंच पिल्लू.

ती वही निरीक्षक बारकाईने चाळतो. महिनाभर सकाळ-संध्याकाळ ४ अंश, एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात. जिवंत फ्रिज असा वागत नाही. दार उघडतं, माल येतो, काटा हलतो. मग तो आपला थर्मामीटर आधी बर्फाच्या ओल्या चुऱ्यात बुडवतो, शून्य दाखवतोय याची खात्री करतो आणि फ्रिजचं दार उघडतो.