उच्च विभेदन दूरचित्रवाणी : व्याख्या, प्रमाणे आणि घरातील मांडणी

उच्च विभेदन दूरचित्रवाणी : ज्या दूरचित्रवाणी पद्धतीत चित्र पूर्वीच्या ५२५ किंवा ६२५ रेषांच्या सुमारे दुप्पट रेषांत मांडलेले असते आणि त्याच्या रुंदी-उंचीचे गुणोत्तर १६ : ९ असते, तिला उच्च विभेदन दूरचित्रवाणी किंवा रूढ भाषेत एचडी म्हणतात. व्यवहारात १,२८० × ७२० आणि १,९२० × १,०८० पिक्सेल ही तिची दोन मुख्य रूपे होत. दुसरे रूप ‘फुल एचडी’ या नावाने परिचित असून त्यात २०,७३,६०० पिक्सेल असतात. ६२५ रेषांच्या पद्धतीचे अंकीय (डिजिटल) रूप ७२० × ५७६ पिक्सेलचे होते. फुल एचडीत पिक्सेलची संख्या त्याच्या बरोबर पाचपट आहे.

ही व्याख्या सोयीची असली, तरी पुरेशी नाही. आंतरराष्ट्रीय रेडिओ सल्लागार समितीने (सीसीआयआर) केलेली व्याख्या रेषांच्या संख्येवर नव्हे, तर पाहणाऱ्यावर आधारलेली आहे. तिचा आशय असा : सामान्य दृष्टीच्या चिकित्सक प्रेक्षकाने चित्राच्या उंचीच्या सुमारे तिप्पट अंतरावरून पाहिले असता, मूळ दृश्य प्रत्यक्ष पाहताना जाणवली असती जवळपास तीच गुणवत्ता ज्या पद्धतीत जाणवते, ती उच्च विभेदन पद्धती. म्हणजे पडदा, डोळा आणि या दोहोंमधील अंतर मिळून हा गुण सिद्ध होतो. संच विकत घेताना खोक्यावरील आकड्यांकडे जितके लक्ष जाते, तितके या अंतराकडे जात नाही. प्रस्तुत नोंदीत या व्याख्येला अग्रक्रम देण्याचे कारण तेच आहे.

संज्ञेचा उगम : ‘उच्च विभेदन’ हा शब्दप्रयोग दूरचित्रवाणीइतकाच जुना आहे. ब्रिटनमध्ये सेल्सडन समितीने १९३५ च्या अहवालात किमान २४० रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे असलेल्या पद्धतीस हे विशेषण लावले. त्याआधीच्या यांत्रिक पद्धतीत अवघ्या ३० रेषा असत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळी हा शब्द अतिशयोक्त का वाटला नाही, ते कळते. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेस येथून बीबीसीची नियमित सेवा सुरू झाली. तीत दूरचित्रवाणीचे आद्य संशोधक बेअर्ड यांची २४० रेषांची आणि मार्कोनी-ईएमआय या कंपनीची ४०५ रेषांची पद्धत आळीपाळीने वापरली जाई. फेब्रुवारी १९३७ मध्ये पहिली बंद करण्यात आली. फ्रान्सने १९४० च्या दशकाच्या अखेरीस ८१९ रेषांची पद्धत स्वीकारली. केवळ रेषा मोजल्या, तर तिला आजच्या अर्थानेही उच्च विभेदन म्हणण्याचा मोह होतो आणि काही लेखकांनी तसे म्हटलेही आहे. परंतु ती कृष्णधवल होती व तिचे गुणोत्तर ४ : ३ होते, त्यामुळे तिला पूर्वसूरी मानणे अधिक योग्य ठरेल.

आधुनिक पद्धतीचा आरंभ जपानच्या एनएचके या प्रक्षेपण संस्थेत झाला, याविषयी दुमत नाही. आरंभाचे वर्ष मात्र वेगवेगळे सांगितले जाते. काही ग्रंथ १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकनंतरचा निर्णय हा प्रारंभबिंदू मानतात, तर काही १९६० च्या दशकाची अखेर किंवा १९७० हे वर्ष धरतात. निर्णयासाठी पहिले आणि पद्धतशीर प्रयोगांसाठी नंतरचे वर्ष मानल्यास हा विरोध बराचसा मावळतो. या प्रयोगांतून असे आढळले, की चित्राने आडव्या दिशेने दृष्टिक्षेत्राचा सुमारे ३० अंश भाग व्यापला, म्हणजे आपण दृश्याच्या आत असल्याची जाणीव प्रेक्षकाला होऊ लागते. उंचीच्या तिप्पट अंतराचा नियम याच मोजणीतून पुढे आला.

रेषांची संख्या व गुणोत्तर : जपानी पद्धतीतील १,१२५ हा आकडा वरवर पाहता मनमानी वाटतो, पण ५२५ शी त्याचे प्रमाण १५ : ७ आणि ६२५ शी ९ : ५ असे सुटसुटीत असल्याने दोन्ही जुन्या पद्धतींत रूपांतर करणे त्यामुळे तुलनेने सोपे होते. यांतील दृश्य रेषा आरंभी १,०३५ होत्या. पुढे त्या १,०८० करण्यात आल्या, कारण १६ : ९ च्या चौकटीत १,९२० × १,०८० अशी मांडणी केली म्हणजे पिक्सेल चौरस होतात आणि संगणकीय चित्रांशी मेळ बसतो.

गुणोत्तराचा प्रश्न अधिक वादग्रस्त आहे. एनएचकेची मूळ निवड ५ : ३ होती, १९८० च्या दशकात तिची जागा १६ : ९ ने घेतली. याची तीन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिल्यानुसार ४ : ३ चा वर्ग केल्यास १६ : ९ मिळते आणि ही अंकगणिती सोय निर्णायक ठरली. दुसऱ्यानुसार ४ : ३ आणि चित्रपटाचे २.३५ : १ यांचा गुणोत्तर मध्य १.७७ येतो व १६ : ९ त्याच्या अगदी निकट आहे. तिसरे स्पष्टीकरण अमेरिकन अभियंते कर्न्स पॉवर्स यांच्या कामाशी निगडित आहे. त्यांनी वापरातील सर्व चौकटींचे समान क्षेत्रफळाचे आयत घेऊन ते एकाच मध्यबिंदूवर रचले. त्या सर्वांना सामावणारा बाहेरचा आयत आणि सर्वांत समाईक असलेला आतला आयत, दोन्ही सुमारे १.७७ गुणोत्तराचे निघाले. दुसरे व तिसरे स्पष्टीकरण गणिती दृष्ट्या एकच असून निवडीमागील हेतू तिसऱ्याने अधिक चांगला उलगडतो : कोणताही जुना चित्रपट किंवा कार्यक्रम दाखविताना वाया जाणारी जागा कमीत कमी राहावी, हा तो हेतू. पडद्यावर वर-खाली किंवा दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या काळ्या पट्ट्या हा संचाचा दोष नसून या तडजोडीचा स्वाभाविक परिणाम आहे.

सीसीआयआरच्या १९८६ च्या डुब्रॉव्हनिक येथील बैठकीत जपानी पद्धत जागतिक प्रमाण म्हणून मान्य झाली नाही. युरोपने युरेका ९५ प्रकल्पाद्वारे १,२५० रेषांची स्वतंत्र पद्धत उभारण्याचा प्रयत्न केला. जपानमध्ये म्यूझ या संक्षेपण (कॉम्प्रेशन) तंत्राने सुमारे ८ मेगाहर्ट्‌झमध्ये बसविलेली अनुरूप (अ‍ॅनालॉग) सेवा १९९१ पासून दररोज आठ तास प्रक्षेपित होऊ लागली. या दोन्ही प्रयत्नांना मागे टाकणारी घटना १९९० मध्ये अमेरिकेत घडली. जनरल इन्स्ट्रूमेंट या कंपनीने संपूर्ण अंकीय पद्धतीचा प्रस्ताव मांडला, स्पर्धक गट १९९३ मध्ये एकत्र आले आणि डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिकन संचार आयोगाने अंकीय प्रमाण स्वीकारले. संक्षेपण न केलेल्या एचडी संकेतासाठी सेकंदाला सुमारे १.५ गिगाबिट लागतात, तर ६ मेगाहर्ट्‌झच्या अमेरिकन वाहिनीत १९.३९ मेगाबिट मावतात. या दोन आकड्यांतील दरी संक्षेपणाने भरून निघाली, म्हणूनच एचडी घरोघरी पोहोचू शकली.

रेषा पडद्यावर उमटविण्याच्या दोन रीती आहेत : आकड्यापुढील ‘पी’ हे अक्षर सर्व रेषा क्रमाने उमटतात असे दर्शविते, तर ‘आय’ हे अक्षर एका फेरीत विषम आणि पुढच्या फेरीत सम रेषा उमटतात असे दर्शविते. आजचे सपाट पडदे सर्व रेषा एकदमच दाखवितात. त्यामुळे १,०८०-आय प्रक्षेपणातील अर्ध्या चित्रांची जोडणी संचाला करावी लागते आणि वेगवान खेळ पाहताना या जोडणीचा कस लागतो.

आकार आणि अंतर : पडद्याचा आकार कर्णाच्या लांबीने इंचांत सांगतात. १६ : ९ च्या पडद्याची रुंदी कर्णाच्या सुमारे ०.८७ पट आणि उंची सुमारे ०.४९ पट असते. सामान्य दृष्टीला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका, म्हणजे एका कलेचा तपशील वेगळा दिसतो. त्यावरून, रेषा एकमेकींत मिसळू लागण्याचे अंतर ५७६ रेषांसाठी उंचीच्या सुमारे ६ पट, ७२० साठी ४.८ पट, १,०८० साठी ३.२ पट आणि २,१६० रेषांच्या अतिउच्च विभेदनासाठी (फोर-के) १.६ पट येते. ५५ इंची पडद्याची उंची साधारण ६८ सेंमी. असते, त्यामुळे फुल एचडीचा पूर्ण लाभ सुमारे २.२ मी. अंतरापर्यंत मिळतो. उलट ३२ इंची संच ३ मी. अंतरावरून पाहिला, तर ते अंतर उंचीच्या साडेसात पट होते आणि तेथून चांगल्या जुन्या चित्रात व एचडी चित्रात रेषांमुळे पडणारा फरक डोळ्याला ओळखता येत नाही. म्हणून खरेदीपूर्वी बसण्याची जागा ते भिंत हे अंतर मोजावे आणि त्यावरून आकार ठरवावा; हा क्रम उलटा झाला, की एक तर पडदा अपुरा वाटतो किंवा खर्च केलेले पिक्सेल वाया जातात. अंतर बदलणे शक्य नसेल, तर अधिक पिक्सेलपेक्षा मोठा पडदा उपयोगी पडतो.

२००५ मध्ये युरोपातील उद्योगसंघटनेने ठरविलेल्या ‘एचडी रेडी’ या चिन्हाचा अर्थ पडद्यावर किमान ७२० रेषा आहेत आणि संच एचडी संकेत स्वीकारतो, एवढाच होता. असे अनेक पडदे १,३६६ × ७६८ पिक्सेलचे असतात. त्यांवर ७२० आणि १,०८० यांपैकी कोणतेही चित्र पिक्सेलला पिक्सेल असे उतरत नाही, प्रत्येक वेळी त्याची पुनर्रचना करावी लागते.

मांडणी व जोडणी : पातळ पडदा उभा धरूनच हलवावा, आडवा ठेवल्यास काचेवर ताण येतो. भिंतीवरील ब्रॅकेटसाठी संचाच्या पाठीवरील छिद्रांची मांडणी व्हेसा प्रमाणानुसार असते (उदा., २०० × २०० किंवा ४०० × ४०० मिमी.). पडद्याचा मध्य बसलेल्या व्यक्तीच्या डोळ्यांच्या पातळीजवळ, म्हणजे जमिनीपासून साधारण १ ते १.१ मी. उंचीवर यावा. त्याहून फार वर टांगलेल्या संचामुळे मान ताठते आणि काही प्रकारच्या एलसीडी पडद्यांवर तिरक्या कोनातून रंगही फिके दिसतात. खिडकी पडद्याच्या समोर येणार नाही, असे पाहावे.

संच एचडी असला, तरी संकेत एचडी असेलच असे नाही. पिवळ्या-लाल-पांढऱ्या टोकांच्या जुन्या केबलीतून येणारे चित्र प्रमाण विभेदनाचेच (एसडी) असते. डिसेंबर २००२ मध्ये जाहीर झालेली एचडीएमआय जोडणी चित्र व ध्वनी दोन्ही अंकीय स्वरूपात वाहून नेते; सेकंदाला ६० चित्रांच्या फोर-केसाठी २०१३ ची २.० आवृत्ती लागते. फुल एचडीसाठी थोड्या अंतरावर कोणतीही सुस्थितीतील केबल पुरते. महागड्या केबलीने अंकीय चित्र अधिक सुंदर होत नाही. सेट-टॉप बॉक्सची निर्गत (आउटपुट) प्रमाण विभेदनावरच राहिलेली असणे, ही वारंवार आढळणारी चूक आहे. ती त्याच्या मेन्यूत जाऊन बदलावी लागते.

दुकानातील झगमगाटात उठून दिसावा म्हणून काही संच भडक चित्रस्थितीत ठेवलेले असतात. घरात ‘सिनेमा’ किंवा तत्सम स्थिती निवडावी. ती ६,५०० केल्व्हिनच्या आसपासच्या प्रमाण श्वेताच्या अधिक जवळ असते. हे चित्र पहिले काही दिवस पिवळसर वाटते, पण डोळा त्याला लवकर सरावतो. ‘ब्राइटनेस’ हे नाव दिशाभूल करणारे आहे : बहुतेक जुन्या रचनेच्या मेन्यूंत या नियंत्रणाने काळ्या रंगाची पातळी बदलते, पडद्याचा प्रकाश कमी-जास्त करण्यासाठी ‘बॅकलाइट’ हे वेगळे नियंत्रण असते. काळ्या कपड्यांच्या घड्या नुकत्याच दिसू लागतील इथवर ब्राइटनेस आणावा. ‘शार्पनेस’ वाढविल्याने तपशील वाढत नाही. कडांभोवती खोटी पांढरी रेघ मात्र उमटते. नळीच्या पडद्यांच्या काळापासून चालत आलेली कडा कापण्याची सवय काही संचांत टिकून आहे. ती बंद केली नाही, तर १,०८० रेषांचे चित्र ताणले जाऊन त्याची मूळ रेखीवता हरपते. दोन चित्रांच्या मध्ये नवे चित्र घालणारी गतिसुविधा खेळांसाठी चालेल, चित्रपटांसाठी ती बंद ठेवावी.

चित्रावर संचात होणाऱ्या प्रक्रियेला वेळ लागतो, तेव्हा वेगळ्या ध्वनियंत्रणेतील आवाज ओठांच्या आधी ऐकू येऊ शकतो. आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे असेल, तर ही तफावत लक्षात येऊ लागते. ती ध्वनियंत्रणेतील विलंब नियंत्रणाने दूर करता येते.