कंपन्यांच्या कार्यक्रमांचे बाह्यनियोजन (ग्रामीण विदर्भ)

कारखाना, खाण, बियाणे कंपनी किंवा बँक यांनी आपले शेतकरी मेळावे, भूमिपूजने, विक्रेता-संमेलने व वर्धापनदिन स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडून न करवता मोबदला देऊन बाहेरच्या व्यावसायिकांवर सोपवण्याची पद्धती. ग्रामीण विदर्भात ती विशेषतः चंद्रपूर-वणी भागातील कोळसा व सिमेंट उद्योगांभोवती, अकोला-अमरावती-यवतमाळच्या कापूसपट्ट्यात आणि मौदा, तिरोडा येथील वीजकेंद्रांच्या परिसरात आढळते. अलीकडे गडचिरोलीतील सुरजागडच्या लोहखाणीमुळे तिचा विस्तार दक्षिणेकडेही झाला आहे.

उगम : याविषयी दोन मते मांडली जातात. एका मतानुसार १९९१ नंतरच्या उदारीकरणात मुंबई-पुण्याच्या जाहिरात संस्थांनी हे काम सुरू केले व नागपूरमार्गे ते तालुक्यांपर्यंत आले. दुसऱ्या मतानुसार त्याचे मूळ गावोगावच्या बिछायत केंद्रांत आहे. सतरंज्या, गाद्या-लोड, कनाती, भांडी व पेट्रोमॅक्स भाड्याने देणारी ही दुकाने लग्ने व सप्ताहांसाठी आधीपासून होतीच. कंपनी हे त्यांना पुढे मिळालेले नवे गिऱ्हाईक.

पहिल्या मताच्या बाजूने सेवाकराच्या तारखा पुढे केल्या जातात. मंडप-धारक १ जुलै १९९७ पासून, कार्यक्रम-व्यवस्थापन १६ ऑगस्ट २००२ पासून, तर मांडव-शामियाना कंत्राटदार १० सप्टेंबर २००४ पासून करकक्षेत आले. यावरून व्यवस्थापक आधी व मांडववाले नंतर, असा क्रम लावला जातो. हा युक्तिवाद तपासून घ्यावा लागतो. १९९७ ची नोंद मंगल कार्यालयासारखी जागा भाड्याने देणाऱ्यांची होती, मांडव उभारणाऱ्यांची नव्हे. शिवाय कराच्या यादीत एखादा धंदा कधी आला यावरून सरकारचे लक्ष त्याकडे कधी गेले एवढेच कळते. तो धंदा कधी जन्मला हे कळत नाही. रूपरेषा, निमंत्रितांची यादी, मंचाची सजावट व सूत्रसंचालन ही अंगे शहरातून आली हे मान्य करावे लागते. परंतु सामान, मजूर आणि उधारीची सोय स्थानिकच राहिली. म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

गुरुकुंज मोझरी येथील तुकडोजी महाराजांचा (१९०९-१९६८) पुण्यतिथी महोत्सव किंवा शेगावच्या गजानन महाराज संस्थानातील सेवेकऱ्यांची व्यवस्था यांनाही कधी कधी पूर्वरूप म्हटले जाते. ती बिनमोबदल्याची सेवा असल्याने या व्यवसायाचे मूळ ठरत नाही. मात्र पंगत कशी उठावी-बसावी, पाणी कोणी फिरवावे, याबद्दलची गावकऱ्यांची अपेक्षा अशा ठिकाणी घडलेली आहे, आणि कंत्राटदाराचे काम ते त्याच मापाने जोखतात.

प्रसार : अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोझ यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, बाजारातून काम करून घेण्याचा खर्च घरच्या खर्चापेक्षा कमी असेल तर संस्था ते काम बाहेर देते. वर्षाकाठी मोजकेच मोठे कार्यक्रम करणाऱ्या कारखान्याला हे लागू पडते. कापूसपट्ट्यात मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाल्यावर खासगी बियाणे कंपन्यांची स्पर्धा वाढली व बांधावरची पीक-प्रात्यक्षिके आणि मेळावे यांनाही महत्त्व आले. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना १ एप्रिल २०१४ पासून सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात. त्यातून शाळाखोल्या, जलसंधारण यांची उद्घाटने वाढली. मात्र एकवेळचे सोहळे या खर्चात धरता येत नाहीत, असे केंद्राने जून २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले. सोहळ्याचा पैसा त्यामुळे वेगळ्या खात्यातून काढावा लागतो.

कार्यपद्धती : करार बहुधा नागपूरच्या संस्थेशी होतो. ती मांडव तालुक्याच्या बिछायत केंद्राला, जेवण आचाऱ्याला, ध्वनी व जनरेटर आणखी दोघांना देते.

मांडव हा यातला सर्वांत जोखमीचा भाग. कापूसपट्ट्यातील काळी माती ओलाव्याने फुगते व उन्हाळ्यात खोल भेगाळते. पावसानंतर तीत ठोकलेली खुंटी ओढ बसताच सैल होते, आणि उन्हाळ्यात भेगेजवळच्या खुंटीला पकडच मिळत नाही. मुरमाड जमिनीत पुरते तेवढे ठोकणे इथे पुरत नाही. लांब खुंट्या, जास्त तणावे किंवा पायाशी काँक्रीटचे ठोकळे लावावे लागतात. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचा डोम भक्कम दिसतो, पण त्याचे छत व बाजू वारा धरतात, त्यामुळे पायाच्या वजनात कसर केलेली चालत नाही. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात दुपारनंतर अवकाळी वावटळी उठतात, आणि खरिपापूर्वीची विक्रेता-संमेलने याच काळात येतात. जमीन पाहिलेल्या स्थानिक मिस्त्रीचा शब्द अशा वेळी नकाशापेक्षा वरचढ मानला पाहिजे. मांडवांच्या अग्निसुरक्षेसाठी भारतीय मानक आयएस ८७५८ उपलब्ध आहे. कापडी झालरी, उघड्या वायर आणि मांडवाला चिकटून लावलेल्या भट्ट्या यांचा धोका पाहता करारात त्याचा उल्लेख असावा.

उष्म्याचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. चंद्रपुरात मे महिन्यात तापमान ४५ अंशांपलीकडे जाते. खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी सरकारी सोहळ्यात उष्माघाताने श्रोते दगावले. सावली, पाणी व रुग्णवाहिका यांची जबाबदारी नेमकी कोणाची, हे करारात लिहिण्याची निकड त्या घटनेने ठळक केली. कंत्राट दिल्याने यजमान कंपनीचे नैतिक उत्तरदायित्व संपत नाही. ध्वनिक्षेपकांना ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे.

जेवणात वरण-भात, वांग्याची भाजी, पाटवडी-रस्सा, क्वचित रोडगे.

देयके : नियोजन सेवेवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे. उपकंत्राटदारांची खरी अडचण थकबाकीची असते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ च्या कलम १५ नुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. ही तरतूद मूळ कंपनीप्रमाणेच मधल्या नियोजन संस्थेलाही बंधनकारक आहे. मात्र तिचा लाभ मिळण्यासाठी पुरवठादाराने काम घेण्यापूर्वी उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची केंद्र सरकारकडील नोंदणी) केलेली असणे महत्त्वाचे ठरते.