जमीन विकणारा एक, कसणारा दुसरा : अरब-इस्रायल संघर्षाची पार्श्वभूमी

गाझाच्या बातम्या सुरू झाल्या की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर पडतं : ज्यू आणि मुसलमान यांचं हे हजारो वर्षांचं वैर आहे, ते कधी मिटायचं नाही. इतिहास तसं सांगत नाही. १४९२ मध्ये स्पेनच्या ख्रिस्ती राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर काढलं, तेव्हा त्यांतल्या अनेकांना आसरा दिला तो तुर्कस्तानच्या उस्मानी (ऑटोमन) सुलतानाने. जेरुसलेम, हेब्रॉन, साफेद, तिबेरियास इथे ज्यूंची जुनी वस्ती अरबांच्या शेजारी राहत आली होती. त्यांचा दर्जा दुय्यम होता, अधूनमधून अत्याचारही झाले. पण एका भूमीवर दोन राष्ट्रांनी हक्क सांगावा, असं भांडण तिथे नव्हतं. ते उभं राहिलं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आणि त्याची सुरुवात पॅलेस्टाईनपासून, म्हणजे आजचं इस्रायल, गाझा आणि पश्चिम किनारा मिळून होणाऱ्या भूमीपासून, फार दूर, रशियात झाली.

१८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि खापर ज्यूंवर फुटलं. गावोगाव दंगली उसळल्या, घरंदारं लुटली गेली. पुढच्या तीन दशकांत लाखो ज्यूंनी रशियन साम्राज्य सोडलं. बहुतेक अमेरिकेला गेले, थोडे पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावर उतरले. पश्चिम युरोपात तरी ज्यू समाज सुरक्षित आहे असं वाटत होतं, तोच १८९४ मध्ये फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली. व्हिएन्नाचा पत्रकार थिओडोर हर्झल या निष्कर्षाला आला की ज्यूंना स्वतःचं राज्य असल्याशिवाय गत्यंतर नाही. १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला झिओनिस्ट, म्हणजे ज्यूंचं स्वतंत्र राष्ट्र मागणाऱ्या, चळवळीचं पहिलं अधिवेशन भरलं. या मागणीमागची भीती खरी होती. पुढे हिटलरने साठ लाख ज्यू मारले, तेव्हा ती किती खरी होती हे जगाने पाहिलं. ही गोष्ट मनापासून मान्य केल्याशिवाय पुढचं काही समजत नाही.

पण ज्या भूमीकडे बोट दाखवलं गेलं ती रिकामी नव्हती. तिथे सुमारे पाच लाख लोक राहत होते आणि त्यांतले बहुसंख्य अरब होते. जेरुसलेमचे माजी नगराध्यक्ष युसुफ झिया अल खालिदी यांनी १८९९ मध्ये फ्रान्सच्या मुख्य रब्बींमार्फत (ज्यू धर्मगुरूंमार्फत) हर्झलला पत्र लिहिलं. ज्यूंचं या भूमीशी असलेलं नातं त्यांनी नाकारलं नाही. मात्र इथे लोक आधीपासून राहतात, ते आपली जागा सोडणार नाहीत, तेव्हा पॅलेस्टाईनला आहे तसं राहू द्या, अशी विनवणी केली. ज्यूंच्या येण्याने सगळ्यांचीच भरभराट होईल, असं हर्झलचं उत्तर आलं. तुमचं राष्ट्र कुठे जाईल, या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हतं.

आता जमिनीकडे येऊ, कारण भांडण आधी तिथे पेटलं. पॅलेस्टाईन तेव्हा उस्मानी तुर्कांच्या साम्राज्यात होतं. त्या सरकारने १८५८ मध्ये नवा जमीन कायदा केला आणि जमिनीची नोंद कुणाच्या तरी नावावर करायला सांगितली. गावकऱ्यांना त्यात दोनच गोष्टी दिसल्या : कर आणि लष्करातली सक्तीची भरती. अनेकांनी नोंदच टाळली. कित्येक ठिकाणी ती शहरातल्या बड्या घराण्यांच्या नावावर झाली. कसणारे कसत राहिले, नाव मात्र दुसऱ्याचं लागलं. कोकणातले खोत आणि त्यांची कुळं ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही.

नाझरेथच्या दक्षिणेला मर्ज इब्न आमिर नावाचं सुपीक खोरं आहे. इस्रायली लोक त्याला यिझ्रएल म्हणतात. त्यातला मोठा हिस्सा बैरुतच्या सुरसुक या धनाढ्य व्यापारी घराण्याकडे गेला होता. १९१० मध्ये सुरसुकांनी अल फुला या गावची जमीन झिओनिस्ट संस्थेला विकली, तेव्हा नाझरेथचा उस्मानी अधिकारी शुक्री अल असली याने कागद सोपवायला नकार दिला आणि वर्तमानपत्रांतून रान उठवलं. तरी विक्री झाली, कुळं गेली. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला खोऱ्यातल्या आणखी कितीतरी गावांचं असंच झालं. थोडीफार भरपाई मिळाली, पण घर आणि शेत दोन्ही सुटलं. याआधीही जमिनी विकल्या जात, मालक बदलत, कूळ मात्र जागेवर राही. इथे ते राहू शकलं नाही, कारण ज्यू राष्ट्रीय निधी या झिओनिस्ट संस्थेने घेतलेली जमीन पुन्हा विकायची नाही आणि तिच्यावर ज्यूंनीच राबायचं, असा नियम होता. मालकांच्या पिळवणुकीतून मुक्त, स्वतःच्या घामावर उभा असा नवा ज्यू शेतकरी घडवायचा, हा त्यामागचा विचार होता. तो ध्येयवादी होता, आणि त्याच विचाराने अरब कुळाला बांधाबाहेर काढलं. विकणारे अरबच होते, त्यांत पॅलेस्टाईनमधले प्रतिष्ठितही होते, हेही विसरता येत नाही. सभेत विरोध करायचा आणि मागच्या दाराने सौदा करायचा, असं करणारे नेते काही कमी नव्हते.

याच काळात पहिलं महायुद्ध आलं आणि ब्रिटनने एकाच प्रदेशाबद्दल तिघांना तीन आश्वासनं दिली. मक्केचा शरीफ हुसेन याला १९१५-१६ मध्ये कैरोहून तिथला ब्रिटिश उच्चायुक्त मॅकमहोन याने पत्रं लिहिली : तुर्कांविरुद्ध उठा, अरबांना स्वातंत्र्य देऊ. मे १९१६ मध्ये साइक्स-पिको करारात फ्रान्सबरोबर तोच प्रदेश गुपचूप वाटून घेतला. आणि २ नोव्हेंबर १९१७ रोजी परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी ब्रिटनमधल्या ज्यूंचे पुढारी लॉर्ड रॉथ्सचाइल्ड यांना पत्र देऊन पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंसाठी 'राष्ट्रीय निवासस्थान' उभारायला पाठिंबा जाहीर केला. त्या पत्रात अरबांचं नावही नाही. लोकसंख्येत नव्वद टक्क्यांच्या आसपास असलेल्या लोकांचा उल्लेख 'बिगर-ज्यू समाज' असा येतो, आणि त्यांच्या नागरी व धार्मिक हक्कांची हमी आहे, राजकीय हक्कांची नाही. माझ्या मते या संघर्षाची सगळ्यात मोठी जबाबदारी इथे, लंडनच्या त्या टेबलावर आहे.

त्या सरकारातला एक ज्यू मंत्रीच या घोषणेच्या कडाडून विरोधात होता. तो म्हणजे आपल्या शाळेच्या इतिहासात माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे भेटणारा भारतमंत्री एडविन माँटेग्यू. ऑगस्ट १९१७ मध्ये हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा त्याने केली, आणि त्याच महिन्यात सहकाऱ्यांपुढे टिपण ठेवलं की पॅलेस्टाईन ही ज्यूंची मायभूमी ठरवलीत तर प्रत्येक देशात ज्यू परका ठरेल. अंतिम निर्णय झाला तेव्हा तो हिंदुस्थानच्या वाटेवर होता.

पुढची तीन दशकं पॅलेस्टाईन ब्रिटिश अमलाखाली होतं. १९२२ च्या खानेसुमारीत ज्यू सुमारे ११ टक्के होते, १९४७ मध्ये एक तृतीयांश. ही वाढ समजून घ्यायची तर जगाची बंद होत गेलेली दारं पाहावी लागतात. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने पूर्व युरोपातल्या स्थलांतरितांना जवळपास रोखलं. १९३३ मध्ये हिटलर आला. १९३५ या एकाच वर्षात साठ हजारांहून अधिक ज्यू पॅलेस्टाईनमध्ये उतरले. त्यांना दुसरीकडे कुणी घेत नव्हतं. इकडे अरबांना दिसत होतं की आपल्याच देशात आपण अल्पसंख्य होणार, आणि याबद्दल आपल्याला कुणी विचारलेलंही नाही. १९२९ मध्ये जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीवरून, म्हणजे ज्यूंच्या पवित्र स्थळावरून, दंगल पेटली. हेब्रॉनमध्ये ६७ ज्यू मारले गेले. ते नवे वसाहतकार नव्हते, बरेचसे पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे होते. १९३६ ला अरबांनी सहा महिन्यांचा हरताळ पाळला, मग उठाव केला. ब्रिटिशांनी तो १९३९ पर्यंत चिरडला, नेते हद्दपार झाले, हजारो मेले. १९३७ मध्ये पील आयोगाने फाळणी सुचवली होती. १९३९ मध्ये ब्रिटनने उलटी उडी मारून पाच वर्षांत फक्त ७५ हजार ज्यूंना प्रवेश, असा निर्बंध घातला. नेमका त्या वर्षी, जेव्हा युरोपातून निसटणं हा जगण्यामरण्याचा प्रश्न झाला होता. अशा रीतीने ब्रिटनने दोन्ही समाजांचा विश्वास घालवला आणि १९४७ मध्ये प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे ढकलला.

संयुक्त राष्ट्रांच्या अकरा देशांच्या समितीत भारत होता. बहुमताने फाळणी सुचवली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हियाने एकसंध संघराज्याचा पर्याय मांडला. तो मांडला जात होता तेव्हा पंजाबात आपल्याच फाळणीचं रक्त सांडत होतं. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव झाला, भारताने विरोधात मत दिलं. ज्यूंच्या मालकीची जमीन तेव्हा सुमारे सात टक्के होती. नियोजित ज्यू राज्याला सुमारे ५५ टक्के प्रदेश मिळणार होता. ज्यू नेतृत्वाने ठराव स्वीकारला, अरबांनी फेटाळला, आणि दुसऱ्याच दिवसापासून गोळीबार सुरू झाला.

१९४८ हे वर्ष दोन नावांनी ओळखलं जातं : इस्रायलसाठी स्वातंत्र्ययुद्ध, पॅलेस्टिनींसाठी नकबा, म्हणजे महासंकट. ९ एप्रिलला दैर यासीन गावात ज्यू अतिरेकी गटांनी शंभरावर माणसं मारली. चार दिवसांनी जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयाकडे निघालेल्या ताफ्यावर हल्ला झाला. डॉक्टर, परिचारिकांसह जवळपास ऐंशी जण मेले. १४ मे रोजी इस्रायलची घोषणा झाली, दुसऱ्या दिवशी शेजारच्या अरब फौजा घुसल्या. त्याआधीच अडीच-तीन लाख पॅलेस्टिनी घरं सोडून निघाले होते. युद्ध थांबलं तेव्हा हा आकडा सात लाखांवर गेला, चारशेहून अधिक गावं ओस पडली आणि पॅलेस्टाईनचा ७८ टक्के भाग इस्रायलकडे आला. उरलेल्यापैकी जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा जॉर्डनने घेतला, गाझा इजिप्तने ताब्यात ठेवला. पॅलेस्टिनी राज्य अरब बंधूंनीही उभं केलं नाही. लोक आपल्या नेत्यांच्या सांगण्यावरून निघून गेले, असं इस्रायलमध्ये बरीच वर्षं सांगितलं जाई. १९८० च्या दशकात दफ्तरं खुली झाली आणि बेनी मॉरिससारख्या इस्रायली इतिहासकारांनीच भीती, हल्ले आणि हकालपट्टी यांचे पुरावे पुढे आणले. जुलै १९४८ मध्ये लिद्दा आणि रामले या दोन गावांतून पन्नास हजारांवर लोकांना हाकलण्यात आलं. परतीचा हक्क सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा ठराव त्याच डिसेंबरात झाला. इस्रायलने तो अमलात आणला नाही आणि १९५० च्या कायद्याने 'गैरहजर' मालकांची मालमत्ता ताब्यात घेतली.

मग उलट दिशेनेही लोंढा निघाला. इराकमधून १९५०-५१ मध्ये सुमारे सव्वा लाख ज्यू विमानांनी इस्रायलला आले. मागे राहिलेली त्यांची मालमत्ता इराकने गोठवली. येमेन, मोरोक्को, इजिप्त, सगळीकडून शतकानुशतकांच्या वस्त्या उठल्या. आपल्या कोकणातले बेने इस्रायल ज्यूही गेले, मात्र त्यांना कुणी हाकललं नव्हतं. त्यांतली बरीच कुटुंबं लोद आणि रामलेत स्थिरावली. लोद म्हणजेच जुनं लिद्दा. तिथे आज ज्या घरांत मराठी बोलणारे आजीआजोबा आहेत, त्यांनी कुणाचं काही हिसकावलं नाही. तरीही त्या गावातून पायी निघालेल्यांची नातवंडं अजून छावण्यांत आहेत.

पुढच्या युद्धांपैकी निर्णायक ठरलं ते जून १९६७ चं. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी इस्रायली जहाजांना तिरानची सामुद्रधुनी बंद केली, इस्रायलने ५ जूनला हल्ला चढवला आणि सहा दिवसांत पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम, गाझा, सिनाई आणि गोलान घेतलं. सिनाई १९७९ च्या करारानंतर इजिप्तला परत मिळालं. बाकीच्या प्रदेशांत ज्यू वसाहती सुरू झाल्या. इस्रायलच्या परराष्ट्र खात्याचे कायदेशीर सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी सप्टेंबर १९६७ मध्येच लेखी कळवलं होतं की व्याप्त प्रदेशात नागरी वस्ती करणं जिनिव्हा कराराविरुद्ध आहे. त्याच महिन्यात पश्चिम किनाऱ्यावरचं क्फार एत्झिओन हे ज्यू गाव पुन्हा वसलं. १९४८ मध्ये तिथल्या लोकांची कत्तल झाली होती, आणि परत गेलेल्यांत त्यांची मुलं होती. १९७९ मध्ये न्यायालयाने खासगी जमिनीवरच्या एका वसाहतीला मनाई केली, तेव्हा सरकारने १८५८ चा तोच उस्मानी कायदा बाहेर काढला : ज्या जमिनीची नोंद नाही आणि जी नियमित कसली जात नाही, ती सरकारी. कराच्या आणि भरतीच्या धाकाने ज्यांच्या पणजोबांनी नाव लावलं नव्हतं, त्यांचं शेत असं गेलं.

१९९३ च्या ऑस्लो करारावेळी पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेने इस्रायलला मान्यता दिली, पण जेरुसलेम, निर्वासित, वसाहती आणि सीमा हे प्रश्न पुढे ढकलले गेले. ते सोडवायला वेळ मिळावा म्हणून अवधी ठेवला होता. तो अवधी करार मोडू पाहणाऱ्यांनी वापरला. १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत एका वसाहतकाराने २९ जणांना मारलं, हमास या कट्टर इस्लामी पॅलेस्टिनी संघटनेने बसमध्ये बॉम्ब उडवले, १९९५ मध्ये पंतप्रधान राबिन यांचा खून एका ज्यू माथेफिरूने केला. पश्चिम किनाऱ्यावरचे वसाहतकार तेव्हा सुमारे एक लाख दहा हजार होते, आता पाच लाखांच्या घरात आहेत. ज्या जमिनीवर पॅलेस्टिनी राज्य व्हायचं, ती वाटाघाटी चालू असतानाच कमी होत गेली.

गाझातून इस्रायलने २००५ मध्ये वसाहती काढल्या, २००७ मध्ये हमासने सत्ता बळकावली आणि नाकेबंदी सुरू झाली. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे १२०० माणसं मारली, २५१ ओलीस नेली. त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदींप्रमाणे साठ हजारांवर पॅलेस्टिनी मेले. गाझातल्या लोकांपैकी सुमारे दोन तृतीयांश १९४८ च्या निर्वासितांच्या कुटुंबांतले आहेत. त्यांतल्या अनेकांची मूळ गावं सीमेच्या कुंपणापलीकडे काही किलोमीटरवर होती, म्हणजे ऑक्टोबरच्या त्या सकाळी जिथे किबुत्झमधली (सामुदायिक शेतीच्या इस्रायली वस्त्यांमधली) माणसं मारली गेली त्याच पट्ट्यात.