पेरलेल्या भाजीबियांची राखण (परसबाग)

बी मातीत पडल्यापासून रोपाला पहिली खरी पाने (बियातून निघणाऱ्या दोन जाड पानांनंतरची) फुटेपर्यंत मुंग्या, पक्षी, उंदीर, गोगलगायी, अळ्या आणि भुंगेरे यांच्यापासून ते वाचवण्याच्या पद्धती. शेतात थोडी रोपे गेली तरी पीक उभे राहते. परसबागेत मात्र काकडीची चार आळी (वेलांसाठी केलेले गोल खळगे) आणि लाल माठाचा एखादा वाफा एवढाच कारभार असतो. तो एका रात्रीत साफ होऊ शकतो.

धोक्याचा काळ पिकागणिक बदलतो. मेथी, मुळा, माठ 3 ते 5 दिवसांत उगवतात, भेंडी 5 ते 7, टोमॅटो व वांगी 6 ते 8, तर मिरची आणि कोथिंबीर 8 ते 12 दिवस घेतात. बी जितके दिवस मातीत पडून राहील तितके चोर वाढतात, म्हणून हे दिवस कमी करणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय. भेंडी, कारली, दोडका यांचे बी सुमारे 12 तास भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवावे आणि मोड जेमतेम दिसू लागताच टोकावे (एकेक बी मातीत खोचावे). मोड लांबला की टोकताना मोडतो. धने हलके रगडून दोन फाकी करून पेरतात. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल असावे. वर राहिले तर पक्ष्यांना दिसते, फार खोल गेले तर कोंब वर येण्याआधीच थकतो.

उगवण झाली नाही की दोष किडीवर जातो, पण पुष्कळदा बीच जुने असते. कांद्याचे बी साध्या साठवणीत वर्षभरातच जोम गमावते. पेरणीआधी 20 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून किती मोडावतात ते पाहावे. निम्म्याहून कमी मोडावल्या तर ते बी पेरूच नये.

मुंग्यांचा सर्वाधिक त्रास बारीक बियांना होतो. लाल माठाच्या एका ग्रॅममध्ये हजाराहून अधिक दाणे भरतात आणि मुंगी एकेक दाणा उचलून नेते. वारुळाच्या तोंडाशी टरफलांचा बारीक ढीग दिसला की शंका उरत नाही. बियांत चार-पाच पट चाळलेली राख किंवा बारीक वाळू मिसळून फेकून पेरावे, वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा आणि हाताने दाबावे. राखेने दाणे सारखे पसरतात आणि मुंग्याही बिचकतात. वाफ्याभोवती राखेचा पट्टा ओढतात, पण तो कोरडा असेपर्यंतच चालतो, म्हणून पट्टा वाफ्याच्या कडेबाहेर घालून पाणी आत झारीने द्यावे. वारुळाजवळ तांदळाची कणी टाकून मुंग्यांना दुसरीकडे गुंतवण्याची जुनी रीतही उपयोगी आहे. उगवण होईपर्यंत कणी रोज टाकावी लागते. कुंड्या असतील तर स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटाप्रमाणे स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. डास होऊ नयेत म्हणून पाणी तीन-चार दिवसांनी बदलावे, आणि रोपाचे पान भिंतीला टेकू देऊ नये, नाहीतर मुंग्यांना तोच पूल होतो.

चिमण्या, मुनिया आणि होले दाणे टिपतात, कोंबड्या तर वाफाच उकरतात. पेरलेल्या वाफ्यावर काट्या पसरणे किंवा पेरणीच्या दिवशीच नायलॉनची जाळी लावणे यापेक्षा सोपे काही नाही. बुजगावण्याला पक्षी दोन-तीन दिवसांत सरावतात. उंदीर आणि घुशी भोपळा, काकडी, वाल, मका यांचे बी नेमके ओळीने उकरतात आणि खड्ड्यात फोडलेली टरफले टाकून जातात. इथे अर्ध्या इंचाची तारेची जाळी वाफ्यावर आडवी अंथरून कडा दगडांनी दाबाव्यात. कोंब जाळीला लागताच ती उचलावी, उशीर झाला तर कोंब तारेत अडकून मोडतात.

पावसाळ्यातली खरी डोकेदुखी गोगलगायींची. 2022 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपे त्यांनी मोठ्या प्रमाणावर फस्त केली. परसबागेतही त्यांची रीत तीच. रात्री खातात, दिवसा दडतात, मागे वाळलेल्या चिकट रेषा ठेवतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी वाफ्याशेजारी टाकावीत आणि पहाटे उलटून खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. उघड्या हाताने धरू नयेत, त्यांच्यात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात. मातीत साबुदाण्यासारखी पिवळसर पांढरी अंडी सापडली तर तीही नष्ट करावीत. विषारी आमिष कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेतू शकते, म्हणून घराजवळ ते टाळलेलेच बरे.

बियांवर पेंढा अंथरला की ओल टिकते आणि पक्ष्यांना दाणा दिसत नाही. पावसात मात्र त्याच पेंढ्याखाली गोगलगायी आणि वाणी (पुष्कळ पायांचे, वेटोळे करणारे किडे) आसरा घेतात. म्हणून हिवाळी-उन्हाळी पेरणीला पेंढा घालावा, पावसाळ्यात वाफा उघडा पण गादीसारखा 15 सेंमी उंच ठेवावा. कोंब दिसू लागताच पेंढा संध्याकाळी काढावा. राहिला तर रोपे पिवळी आणि लांबुडकी होतात.

सकाळी रोप जमिनीलगत कापून शेजारीच पडलेले दिसले तर ते काम रोपे कुरतडणाऱ्या अळीचे. कापलेल्या रोपाभोवतीची दोन-तीन सेंमी माती खुरपीने हलवली की काळपट अळी वेटोळे करून पडलेली सापडते. तिला मारले नाही तर ती दुसऱ्या रात्री शेजारचे रोप घेते. बूड कापलेला कागदी पेला रोपाभोवती 3 सेंमी मातीत रोवला तर अळी खोडापर्यंत पोहोचत नाही.

मृगाच्या सुमारास आळ्यांत टोकलेल्या काकडी-दोडक्याची पहिली दोन जाड पाने लाल भुंगेरे चाळणीसारखी करतात. भुंगेरे पहाटे सुस्त असतात, तेव्हाच वेचावेत. जुनी मच्छरदाणी काड्यांवर ताणून आळ्यावर घातली आणि कडा मातीत पुरल्या तर चार-पाच पानांपर्यंत वेल वाचतो. फुले येण्याआधी ती काढावी, नाहीतर मधमाश्या आत जात नाहीत आणि फळ धरत नाही. टोमॅटो-मिरचीच्या रोपवाफ्यावर 40 मेशची (इंचाला 40 भोकांची) जाळी लागते, कारण पांढरी माशी आणि फुलकिडे यांच्यापायी रोपे लहानपणीच आकसतात.

रोपे माना टाकून कोलमडत असतील तर कीड नव्हे, बुरशी पाहावी. पाणी कमी करावे, दाट रोपे विरळ करावीत. पुढच्या वेळी किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळून बी पेरावे. बाजारचे रंगीत बी औषध लावलेले असते, ते मुलांच्या आणि कोंबड्यांच्या आटोक्याबाहेर ठेवावे.

प्रत्येक आळ्यात तीन-चार बिया टोकून शेवटी दोन वेल राखावेत, आणि त्याच दिवशी काही बिया कागदी पेल्यांत लावून ठेवाव्यात. आठ-दहा दिवसांत नांगे (रोप मेलेल्या रिकाम्या जागा) भरायला त्याच वयाची रोपे हाताशी राहतात. अळी किंवा गोगलगायीने रोप खाल्ले असेल तर आधी त्या जागेची माती उकरून पाहावी आणि मगच नवे रोप लावावे.