दरजा भराव्यात, बुजवू नयेत

गोराईला आमच्या मामांच्या बैठ्या घरापुढे सुमारे 20 चौरस मीटरचे अंगण आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तेथे शहाबादी फरशीचे वेडेवाकडे तुकडे बसवून घेतले. असे तुकडे वखारीत उरतात आणि स्वस्त मिळतात. मात्र त्यांच्या कडा एकमेकींशी जुळत नाहीत, त्यामुळे कुठे जेमतेम बोट जाईल एवढी, तर तीन तुकडे एकत्र येतात तेथे मूठ मावेल एवढी त्रिकोणी फट राहते. गवंडी या फटींना दरजा म्हणतात. मे महिन्यात त्या सगळ्या दरजा सिमेंट-वाळूच्या मालाने भरून, थापीने घोटून झाल्या आणि अंगण देखणे दिसू लागले. गणपतीपर्यंत निम्म्या दरजांच्या कडेने केसासारख्या चिरा गेल्या होत्या, दोन फरशा पायाखाली डुगडुगत होत्या आणि थापीच्या मुठीने ठोकले की बद्द वाजत होत्या. मालात सिमेंट कमी पडले, असे गवंड्याचे म्हणणे होते. माझ्या मते अडचण उलटी होती: माल फार ताठ होता.

फरशीखाली डबर, मुरूम आणि वाळू यांचे थर असतात. पहिल्या पावसात ते भिजतात आणि सगळीकडे सारखे बसत नाहीत, त्यामुळे प्रत्येक तुकडा किंचित वेगळ्या दिशेने कलतो. त्यात उन्हाची भर पडते. 60 सेंटिमीटर लांबीचा चुनखडकाचा तुकडा दुपारी 30 अंशांनी तापला, तर सुमारे एक दशांश मिलिमीटर वाढतो. हे नगण्य वाटेल. पण सगळे तुकडे सिमेंटने जखडले, की पाच मीटरच्या अंगणात ही वाढ मिलिमीटरच्या घरात जाते आणि तिला जायला जागा उरत नाही. शिवाय सिमेंटचा माल वाळताना स्वतःही आकसतो. दाब सोसण्यात तो पटाईत असला, तरी ताण त्याला सोसत नाही, आणि तो सर्वांत आधी दगडाच्या कडेपासून सुटतो.

केसाएवढी चीर दिसायला क्षुल्लक असते, पण तिचे वागणे विचित्र आहे. केशाकर्षणामुळे एक दशांश मिलिमीटर रुंदीच्या फटीत पाणी सुमारे 15 सेंटिमीटर उंच चढून राहू शकते. याउलट, फटीतून पाणी वाहून जाण्याचा वेग तिच्या रुंदीनुसार इतक्या झपाट्याने घटतो, की रुंदी निम्मी झाली तर प्रवाह आठ पटींनी कमी होतो. म्हणजे बारीक चीर पाणी ओढून घेते आणि सहजी सोडत नाही. खालची वाळू महिनोन्महिने ओली राहते, तिच्यातले बारीक कण सरकतात आणि फरशीखाली पोकळी तयार होते. बद्द आवाज त्या पोकळीचा. परदेशी व्हिडिओंमध्ये दरजांतले पाणी गोठून दगड उचलला जाण्याची भीती दाखवतात. मुंबईत ती नाही, आपल्याकडे चार महिन्यांचा हा ओलावाच पुरेसा आहे.

मग दरज सुट्या कणांनी भरली तर ती टिकते कशी? याचे उत्तर जुहूच्या किनाऱ्यावर मिळते. नुकत्याच ओसरलेल्या लाटेच्या ओल्या वाळूवर पाऊल ठेवले, की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकट दिसते. मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1885 मध्ये याचा उलगडा केला. घट्ट बसलेल्या कणांना सरकायचे असेल, तर एकमेकांवर चढावे लागते. त्यामुळे वाळूचा ढीग फुगतो, मधल्या पोकळ्या वाढतात आणि वरचे पाणी आत शोषले जाते. आता हेच कण दोन दगडांच्या मध्ये कोंडलेले आहेत असे समजा. त्यांना फुगायला जागाच नाही, म्हणून सरकताही येत नाही, आणि फरशीवर पाय पडला की दरज उलट अधिक आवळते. कण कोनदार असतील तर ही पकड आणखी वाढते. मुंबईच्या आसपासचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, क्रशरमध्ये फोडला की असेच धारदार कण मिळतात. खाडीच्या रेतीचे कण त्या मानाने घासलेले असतात, आणि ती नीट धुतलेली नसेल तर तिच्यातल्या मिठाने फरशीवर लोणा फुटतो, तो वेगळाच.

कणांचा आकार निवडताना मात्र चूक होते. स्वीडनच्या फिलिप युल्स्ट्रॉम यांनी 1935 मध्ये नदीच्या गाळाबद्दल दाखवले, की वाहत्या पाण्यात सर्वांत सहज उचलले जातात ते मध्यम बारीक वाळूचे कण. त्याहून बारीक चिकणमाती एकमेकांना धरून राहते आणि त्याहून जाड खडी वजनाने टिकते. पन्हाळीखालच्या दरजा पहिल्याच सरीत रिकाम्या होतात, त्या यामुळे. तेथे पूड चाळून काढलेली, दोन ते पाच मिलिमीटरची बारीक खडी हवी.

पाण्याचे गणितही तिच्याच बाजूचे आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तासाला 50 मिलिमीटर पडला तर मामांच्या अंगणात तासाभरात 1000 लिटर पाणी येते. दरजांचे क्षेत्र साधारण तीन चौरस मीटर धरले, तर त्यांतून सेकंदाला जवळजवळ 0.1 मिलिमीटर या वेगाने पाणी मुरायला हवे. अमेरिकन अभियंता ॲलन हेझन यांच्या सूत्राप्रमाणे हा वेग कणांच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. 0.1 मिलिमीटर कणांची वाळू जेमतेम पुरते आणि धूळ साचली की तीही नाही. एक मिलिमीटरच्या कणांतून शंभरपट वेगाने पाणी जाते. अर्थात खालची जमीन पाणी घेणारी असेल तरच. खाडीकाठच्या चिखलट मातीवर भिंतीपासून बाहेरच्या बाजूला दर मीटरला दीड-दोन सेंटिमीटर उतार द्यावाच लागतो.

बाजारात मिळणारी पॉलिमर वाळू पाणी शिंपडल्यावर चिकटते आणि वाळून घट्ट होते. ती वापरायचीच तर एप्रिलमध्ये, कडक उन्हात. पावसाच्या तोंडावर नव्हे. आणि फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला गवंडी ॲसिडची बाटली उघडेल, तेव्हा त्याला थांबवावे: शहाबादी हा चुनखडक आहे, ॲसिड पडताच तो फसफसतो आणि त्याचा पृष्ठभाग कायमचा खरबरीत होतो.

मामांनी गेल्या हिवाळ्यात सिमेंट छिन्नीने काढून टाकले. मोठ्या त्रिकोणी फटींत आधी त्याच फरशीचे तुकडे पाचरीसारखे ठोकून बसवले, मग कोरडी खडी खराट्याने सारून, लाकडी ठोकळ्याने दुरमुस करून, तीन वेळा भरली. जूनच्या पहिल्या पावसानंतर ती अर्धा सेंटिमीटर खाली बसली. जिन्याखाली घमेलेभर खडी राखून ठेवलेली होतीच.